सुईबाबाच्या भिंतीवरचे पाच फोटो

मॅनेजरसाहेब, मावशीच्या उजव्या हाताचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. तुमच्या शिलाई कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या खोलीत मलमपट्टीची पेटी हवी होती. तुम्ही तिथे सुईबाबा बसवलात, वर त्याला पंखाही लावून दिलात.

हा बाबा मूळचा मशीन मेकॅनिक. सुया बदलता बदलता त्याला साक्षात्कार झाला, की लकवा म्हणजे डोक्यात चढलेलं वाईट रक्त. दहा बोटांची टोकं टोचली की ते उतरतं. तेव्हापासून मशीन बिघडलं की दुसरा मेकॅनिक यायचा, माणूस बिघडलं की हा. बाहेरच्या वस्तीतूनही लोक यायचे. येणाऱ्यांची नावं रजिस्टरात लिहिली जायची, बऱ्या झालेल्यांचे फोटो भिंतीवर लागायचे.

मावशी शर्टांना काजं करायची. साऱ्या कारखान्याची मावशी, आणि शिवलेला माल तपासणाऱ्या आमच्या चेकर मुलीची तर सख्खी. एका सकाळी तिच्या हातातला शर्ट गळून पडला. तोंड एका बाजूला ओघळलं, बोलणं बोबडं झालं. आम्ही शहाण्यांनी तिला उचलून बाबाकडे नेलं. खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती.

"बघा, काळं रक्त! हे डॉक्टरांच्या बापाला दिसायचं नाही!" बाबा एकेक बोट टोचत म्हणाला.

ते आम्हालाही लालच दिसत होतं. पण बोलतो कोण?

आठव्या बोटाला मावशी खणखणीत ओरडली, "मेल्या, दुखतंय ना!"

टाळ्यांचा कडकडाट. तोंड सरळ, हात सरळ. फोटो निघाला.

चेकर म्हणाली, "मावशी, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल."

"अगं, मला काय धाड भरलीय आता?"

आणि तुम्ही, साहेब? "बरं झालेल्या माणसाला गेटपास कशाला?" हे तुमचेच शब्द. बाबाने तर कडीच केली. "रक्त साफ झालं, आता बीपीच्या गोळ्या फेकून दे," म्हणाला. मावशीने गोळ्या बंद केल्या.

सहाव्या दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, मावशी पुन्हा कलंडली. या वेळी तोंडातून शब्दच फुटेना. पुन्हा तीच वरात, तीच खोली. चेकरने फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली.

"दहा बोटं होईपर्यंत हलवायचं नाही!" बाबा गरजला.

"झाली ना दहा? मग?"

"आता पायाची."

चेकरने त्याच्या हातातली सुई हिसकावली आणि आम्हाला झापलं, "बघताय काय? उचला!"

ॲम्ब्युलन्स गेटाबाहेर, मावशी गेटाच्या आत. वॉचमन रडवेला झाला होता. "ताई, साहेबांच्या सहीशिवाय उघडलं तर माझी नोकरी जाईल." तुम्ही मीटिंगमध्ये. सही मिळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "शेवटची धडधाकट कधी होती?"

"अकराला. शर्टांचं बंडल देताना माझ्याशी बोलली. बंडलाच्या चिठ्ठीवर वेळ आहे," चेकर म्हणाली.

"शाब्बास. आणि ही बोटं कुणी टोचली?"

चेकरने सुईबाबाची सारी हकीकत सांगितली.

लगेच डोक्याचा स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं. ते साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि जितकं लवकर तितकं बरं. मावशी वाचली, बोलायला लागली. उजव्या हाताची बोटं मात्र अजून मिटत नाहीत.

"चाळीस मिनिटं आधी आलो असतो तर?" चेकरने विचारलं.

"खात्रीने नाही सांगता येत. पण वाया गेलेल्या मिनिटामिनिटाला मेंदू मरत असतो."

"मग पहिल्या वेळी सुईने कशी बरी झाली?"

"सुईने नाही. गुठळी कधी कधी थोडा वेळ अडकते आणि आपोआप सुटते. काहीच केलं नसतं तरी ती तेव्हा बरी झाली असती. तो इशारा होता. त्याच दिवशी आणायला हवं होतं."

परत आल्यावर चेकरने बाबाच्या खोलीतलं रजिस्टर उचललं आणि आठवड्याने जेवणाच्या सुट्टीत त्याच खोलीत सगळ्यांसमोर उभी राहिली.

"बाबा, लकव्याची नावं चौदा. भिंतीवर फोटो पाच. बाकीचे नऊ कुठे?"

"त्यांची श्रद्धा कमी पडली."

"शर्टाची शिवण उसवली तर आपण गिऱ्हाइकाची श्रद्धा काढतो का? मी घरोघर जाऊन आले. सहा अंथरुणावर आहेत, तिघे गेले. पास झालेला माल भिंतीवर आणि रिजेक्ट गायब, असं चेकिंग मी केलं असतं तर मला हाकललं असतं. आणि तुमच्या पाचांतली एक तर माझी मावशी!"

बाबाने पंखा बंद केला आणि निघाला. आम्ही त्याला खुशाल शिव्या घातल्या. चेकर म्हणाली, "त्याला काय बोलताय? उचलून कोण नेत होतं?"

म्हणून आता आमच्याच माणसांना सांगतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघा आणि थेट हॉस्पिटल गाठा. वाटेत पाणी पाजू नका, गोळी कोंबू नका. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी जा. बीपी मोजत राहा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका.

आणि साहेब, बाबा गेला, पण गेटाचा नियम आहे तिथेच आहे. उद्या दुसरं कुणी कोसळलं तर गेट सहीविना उघडेल की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिहा. खाली तुमची सही करा.