वालबुर्गाबाईंच्या पियानोतला हातोडा

मित्रांनो, हातोडा म्हटले की तुम्हाला खिळे आठवतील. मी तसला दांडगट नव्हे. मी एका जुन्या पियानोतला हातोडा, जेमतेम बोटाएवढा, डोक्याला हरणाचे चामडे. आउग्सबुर्गच्या एका पियानोवाल्याची लेक आफ्रा हिने मला घडवले आणि पट्टीच्या मागच्या टोकावर बसवले. पट्टी पुढे दाबली की ते टोक वर येते, माझी चोच एका खाचेत अडकते आणि मी तारेकडे उसळतो. तार गाठण्याआधीच खाच मागे झुकून मला सोडते. उरलेले अंतर मी माझ्याच वेगाने जातो, तारेला टिचकी मारतो आणि परत खाली येतो. म्हणून तर तार गात राहते. या कामाचा मला फार अभिमान आहे.

आमच्या वालबुर्गाबाई पियानोच्या शिकवण्या घेत. त्या हिवाळ्यात एकच विद्यार्थिनी उरली होती. रविवारी कापडवाल्या रेगीनाबाई आपल्या तीन मुलींना घेऊन पियानो ऐकायला येणार होत्या. तो आवडला तर मुली शिकायला येणार, नाही तर बाईंना आम्हाला विकावे लागणार होते.

माझा सूर जरा कडक वाजत होता. शनिवारी बाईंचे थोरले भाऊ वेंडेलिन मदतीला आले. त्यांचा धंदा कुलपांचा. त्यांनी माझी पट्टी हळूच दाबली. मी वर गेलो आणि तारेला न लागताच खाली आलो.

"वालू, अगं ही खाचेची खीळ सुटतेय! सुटणारी खीळ काय कामाची?"

त्यांनी खाचेमागे लाकडाची चिपटी ठोकली. झाले! मी तारेला जाऊन चिकटलो. आवाज आला नुसता 'टप्'.

"दादा, दुरुस्ती केलीस की गळा दाबलास?" बाई रडकुंडीला आल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाईंचा निरोप मिळताच रविवारी चर्चमधून आफ्रा थेट आमच्याकडे आली. तिने सगळ्या पट्ट्या खणासारख्या बाहेर ओढल्या, चिपटी काढली आणि खो खो हसली.

"काका, तुमच्या कुलपानं धरून ठेवायचं. ह्यानं वेळेवर सोडायचं!"

"मग आधी सांगायचंस ना!" वेंडेलिन म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"

मग तिने माझे कडक झालेले चामडेही बदलले.

दुपारी रेगीनाबाईंच्या धाकटीने भीत भीत माझीच पट्टी दाबली. आवाज नाही. रेगीनाबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून वेंडेलिन म्हणाले, "पोरी, लाजू नकोस. टिचकी दे!"

तिने दिली. मी उसळलो, सुटलो आणि सूर खोलीभर पसरला. पोर हसली आणि थांबेचना.

"मंगळवारपासून तिघी येतील," रेगीनाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला जपायचे म्हणून झाकून ठेवू नका. मला वाजवा, चामडे कडक झाले की बदला. पण हत्यार उचलण्याआधी जाणत्याला विचारा. वेंडेलिनकाका पुढे दर शनिवारी येत आणि फक्त माझीच पट्टी वाजवत. हत्यारांची पिशवी मात्र ते दाराबाहेर ठेवून येत.