फक्त थांबवण्यासाठी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. शिट्टीला कसलं आलंय चरित्र, असं तुम्हाला वाटेल. फुंकलं की वाजायचं, नाही फुंकलं की गप्प बसायचं, एवढाच माझा संसार. पण माझ्या आवाजाचा अर्थ माणसांनी बदलला आणि त्यात एका घरातला मुलगा गेला. ऐकून काही फरक पडेल अशी आशा मला फारशी उरलेली नाही, तरी सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याचे तुकडे वाकवून, डाख लावून जोडले, पोटात बुचाची गोटी सोडली आणि घासूनपुसून मला लखलखीत केलं. तपासणाऱ्या कारागिराने मला फुंकलं आणि स्वतःच कानांवर हात ठेवले. ही बया शेजारच्या कारखान्यालाही झोपेतून उठवेल, असं तो म्हणाला. एवढं कौतुक पदरात घेऊन मी पेटीत पडले आणि लष्कराच्या एका प्रशिक्षण केंद्रात येऊन पोहोचले.

तिथे धाकटे तुकडीप्रमुख घडवले जात. ज्यांच्या हाती उद्या मूठभर शिपायांचा जीव सोपवायचा, असे हे तरुण. त्यांचे उस्ताद पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे आणि सगळीकडे नजर असणारे. रोज सकाळी ते एकाला त्या दिवसाचा प्रमुख नेमत आणि सगळ्यांसमोर विचारत, की आज काय बिघडू शकतं, ते कुणाला भोवेल, आणि तसं झालं तर तू काय करशील. दोर ओला आहे, चढताना हात सुटेल, म्हणून खाली जास्त वाळू टाकून घेतली आहे, असं धड उत्तर मिळेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मग माझी दोरी त्या प्रमुखाच्या गळ्यात पडे. मी एकदा लांब वाजले की ज्याने त्याने जिथे असेल तिथे थांबायचं आणि खाली बसायचं. पळवायला उस्तादांचा घसा समर्थ होता. मी फक्त थांबवण्यासाठी होते.

एकदा एका घाबरट प्रमुखाने झुडपातल्या काळ्या पिशवीला साप समजून मला जीव खाऊन फुंकलं. सगळे मटकन खाली बसले. सर्वांत पुढे धावणारे उस्ताद नेमके डबक्यात होते, तेही बसले. कमरेपर्यंत चिखल, मिशांवर चिखल, आणि समोर वाऱ्यावर हलणारी पिशवी. हसू दाबता दाबता पोरांची पुरेवाट झाली. तो प्रमुख आता आपलं काही खरं नाही अशा चेहऱ्याने उभा होता. उस्तादांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "फुकट वाजली तरी चालेल. वाजायला उशीर नको." मित्रांनो, त्या दिवसाइतकी मी पुन्हा कधी ताठ मानेने लटकले नाही.

मग उस्ताद निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला नव्या साहेबांच्या हाती दिलं आणि ही फक्त थांबवण्यासाठी आहे, असं बजावलं. साहेबांनी मान डोलावली. साहेब वाईट नव्हते, हे मी आधीच सांगते. पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर येत आणि स्वतः सगळ्यांबरोबर घाम गाळत. पण हातातल्या घड्याळावरून त्यांची नजर हटत नसे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव घड्याळसाहेब ठेवलं होतं. मधेच खाली बसण्याचा सराव त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. केंद्राकेंद्रांत शर्यती होत्या आणि आवाज माझाच सगळ्यांत मोठा. एक दिवस त्यांनी धाव सुरू करायला मला फुंकलं. पुढे शेवटचा चढ आला की वेग वाढवायलाही मीच. मला लांब फुंकलं की तुकडी जिवाच्या आकांताने पळू लागली. ढाल मिळाली, ती कचेरीत मांडली गेली, आणि मला कुणी साधं फडक्यानेही पुसलं नाही.

जुना नियम मात्र फळ्यावर जसाच्या तसा होता. लांब शिट्टी म्हणजे थांबा. नवी पोरं तो घोकून परीक्षेत लिहीत आणि पैकीच्या पैकी गुण घेत. डोक्याने एक शिकायचं आणि पायांनी रोज दुसरंच, यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

त्या पोरांत एक मास्तर होता. लष्करात येण्याआधी शिकवण्या घ्यायचा, म्हणून मास्तर. त्याच तुकडीत त्याचा मामेभाऊ होता, सगळे त्याला धाकटा म्हणत. मास्तर लहानपणापासून मामीच्याच हाताखाली वाढलेला. दोघं निघाले तेव्हा मामीने मास्तरला बाजूला घेऊन, याच्याकडे लक्ष दे, हा सांगायचा नाही काही, असं सांगितलं होतं. धाकट्याला बरं नसलं तरी तो हूं की चूं करत नसे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या या सवयीची मास्तर रोज थट्टा करी आणि रोज त्याच्यावर डोळा ठेवी.

तो दिवस कोंदट होता, पानही हलत नव्हतं. पाठीवर ओझं घेऊन लांब पळायचं होतं आणि प्रमुख होता मास्तर. त्याने सकाळीच सांगितलं, की आज उकाडा वाईट आहे आणि धाकट्याचं पोट रात्रीपासून बिघडलेलं आहे. साहेबांनी धाकट्याला विचारलं. मी ठणठणीत आहे, असं तो म्हणाला. तेव्हा साहेबांनी माझी दोरी मास्तरच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "शिट्टी तुझ्याकडे आहे. वाटलं तर थांबव." मग घड्याळ घेऊन ते शेवटच्या खुणेपाशी जाऊन उभे राहिले.

सगळे नजरेत राहावेत म्हणून प्रमुखाने मागून पळायचं असतं. त्यामुळे चढाच्या पायथ्याशी मास्तरला स्पष्ट दिसलं, की धाकटा सरळ पळत नाही, भेलकांडतो आहे. त्याने क्षणाचाही उशीर केला नाही. मला ओठांत धरलं आणि पूर्ण दमाने लांब फुंकलं.

तुकडीने वेग घेतला.

धाकट्यानेही घेतला. अंगात जे काही उरलं होतं ते गोळा करून तो चढ चढू लागला. मास्तरने पुन्हा फुंकलं, पुन्हा फुंकलं, आणि दर वेळी ते आणखी जोरात पळाले. बुटांच्या आवाजात त्याच्या हाका कुणाला ऐकू जाईनात. मी तर गळा काढून ओरडत होते, थांबा म्हणून, आणि माझ्याच आवाजाने तो पोरगा पुढे ढकलला जात होता. शेवटच्या खुणेपाशी तो कोसळला. साहेबांनी आधी घड्याळ थांबवलं, मग ते धावले. पाणी ओतलं, डॉक्टर आले, गाडी आली. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. शिट्टी ऐकली का, असं प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाने हो म्हटलं. मग थांबला का नाहीत? वाजली म्हणूनच तर पळालो, असं एकेक जण खाली मान घालून सांगत गेला.

मामी आली तेव्हा मी अजून मास्तरच्याच गळ्यात होते. काढायचं त्याला सुचलंच नव्हतं. कचेरीबाहेरच्या बाकावर ती त्याच्याशेजारी बसली, बराच वेळ त्याचा हात हातात धरून.

"तुला दिसलं नाही का रे?" तिने विचारलं.

"दिसलं, मामी. मी शिट्टी वाजवली."

"मग?"

"ती ऐकून तो आणखी जोरात पळाला."

मामीने हात सोडला नाही. पण त्यानंतर ती मास्तरशी फारसं कधी बोललीच नाही.

चौकशीनंतर केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं गेलं, लांब शिट्टी म्हणजे थांबा. मास्तरने तुकडीप्रमुख व्हायचं सोडलं आणि कोठारात बदली मागून घेतली. साहेब गेले, दुसरे साहेब आले. काही दिवस मी खिळ्यावर होते. मग शर्यती जवळ आल्या आणि आवाज माझाच मोठा, म्हणून मला पुन्हा खाली काढलं.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुणाकुणाचे प्रमुख व्हाल. थांबवण्याची एक खूण राखून ठेवा आणि तिला दुसरं कोणतंही काम सांगू नका. हे मी सांगते खरं, पण फुंकणाऱ्याचं ऐकावं लागणारी मी एक शिट्टी. उद्या पहाटे मला पुन्हा लांब फुंकतील आणि सगळं मैदान जीव तोडून पळेल. फक्त कोठारात, हातातलं सामान तसंच धरून, मास्तर जिथे असेल तिथे खाली बसेल.