शाळेच्या वाट्याचा बांध

खारभूमी विद्यालयाची मान्यता राहणार की जाणार, हे मुख्याध्यापिका मृणाली म्हात्रे यांच्या एका जबाबावर येऊन ठेपले होते.

काळवखार गावाच्या शेतांबाहेर समुद्राला थोपवणारा मातीचा बांध आहे. तो कुणा एकाचा नाही. घरटी त्याचा तुकडा वाटून दिलेला. ज्याच्या वाट्याचा बांध, त्यानेच त्यावर चिखल चढवायचा, खेकड्यांची बिळे बुजवायची. उधाणात तो फुटला तर गावाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. शाळेला जमीन दिली तेव्हा गावकीने शाळाही एक घर धरली आणि तिच्या वाट्यालाही बांध आला. गेल्या महिन्यात किनाऱ्यावर येऊ घातलेल्या प्रकल्पाच्या जमीनमोजणीचे यंत्र नेमके त्याच तुकड्यावर चढू लागले, आणि दहावीचा वर्ग त्याच्यासमोर उभा राहिला. छायाचित्र सगळीकडे फिरले. आमदारांनी भर सभेत शाळेला ‘आंदोलनाचा कारखाना’ म्हटले. विरोधी पक्षाची माणसे हार घेऊन फाटकाशी आली. मृणालीने त्यांना हारांसकट परत पाठवले, आणि ती दोन्हीकडून वाईट झाली.

आता तिच्या कार्यालयात शिक्षण खात्याचे चौकशी अधिकारी वाळिंबे बसले होते. शेजारी जबाब टंकणारा तरुण निरीक्षक. खिडकीतून ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता, जुन्या दुःखासारखा सवयीचा. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या येसूबाईंनी कप पुढे ठेवले.

“घ्या साहेब. नुसती च्या हाय, राजकारण न्हाय टाकला त्यात.”

निरीक्षकाला हसू आवरेना. वाळिंब्यांनी कप बाजूला सारला आणि समोर उभ्या दहावीतल्या शिवानीला विचारले, “तुला बांधावर कोणी नेलं?”

“कोनी न्हाय. बांद आमच्या शालेचा हाय. आमी उभे राह्यलो.”

“यंत्र अडवायला?”

“मंग काय, त्याची आरती करायला?”

“शिवानी!” मृणाली म्हणाली. “नीट बोल.”

“नीटच बोलते, मॅडम. खरा बोलते.”

वाळिंब्यांनी मुलीला बाहेर पाठवले, दार लोटले आणि आवाज खाली आणला. “मॅडम, मी मुलांच्या वाईटावर नाही. दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आहेत. एवढंच लिहून द्या, की मुलं चिखल चढवायला गेली होती, यंत्र योगायोगानं आलं. ही मुलगी गोंधळून काहीतरी बोलली. फाईल मी बंद करतो.”

माणूस मनाने वाईट नव्हता, हेच अवघड होते. आणि खोटेही फार लांबचे नव्हते. सत्याच्या शेजारच्याच घरात राहणारे. त्या दिवशी मुलांचे हात खरोखरच चिखलाने माखलेले होते. मृणालीला लहान वर्गांचा पाढ्यांचा सूर ऐकू येत होता. मिठागरांवर आणि ट्रकवर राबणाऱ्या आईबापांनी विश्वासाने पाठवलेली ती पोरे. एक सही, आणि तो सूर असाच चालू राहील. पण त्याच सहीने शिवानी खोटी ठरेल. शिवानीला खोटे ठरवून जी वाचेल, त्या शाळेत उद्या कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

“लिहा, साहेब,” ती म्हणाली. निरीक्षकाची बोटे सरसावली.

“बांध शाळेच्या वाट्याचा आहे. मोजणीची नोटीस शाळेला मिळालेली नव्हती. मुलं यंत्र अडवायला उभी राहिली. मला कळलं तेव्हा मी धावत गेले. त्यांना मागे आणता आलं असतं. मी आणलं नाही. मी त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. वाट्याला आलेला बांध सोडून जायचं नसतं, हे त्यांना मीच शिकवलं आहे.”

बोटे थबकली. “मॅडम, हे असंच ठेवू?”

“असंच. ‘अडवायला’ हा शब्द गाळू नका.”

वाळिंबे खुर्चीत पुढे सरकले. “मान्यता जाईल.”

“आधी सुनावणी होईल. तिथंही हेच सांगेन.”

“आणि परीक्षा?”

“मान्यता गेली तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवीन. शिकवायला मान्यता लागते, शिकायला नाही.”

जबाब वाचून दाखवला गेला. तिने सही केली, प्रत मागून घेतली आणि थेट दहावीच्या वर्गात गेली.

“सतरा नंबरचा फॉर्म कुणाला माहीत आहे?”

“नापास झालेल्यांचा ना?” शिवानी म्हणाली, आणि हशा पिकला.

“शाळा नसलेल्यांचा. आपल्याला लागेलच असं नाही. पण लागला तर अडायला नको.”

हसू विरले. मग शिवानीने हलकेच विचारले, “मॅडम, मी बोलले ता त्यांनी बदलला?”

“नाही. मी बदलू दिलं नाही.”

मृणालीने फळ्यावर त्या फॉर्मचा पहिला रकाना आखला: संपूर्ण नाव. मग वळून म्हणाली, “एकेकानं उठा. आणि नाव मोठ्यानं सांगा, बाहेर साहेबांनाही ऐकू जाऊ दे.”