वाढत्या अंगाचा झगा

मी एक जुना करडा झगा आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. तुमच्यापैकी कित्येकांनी मला मोठ्या पडद्यावर पाहिले आहे, पण तेव्हा तुमचे सगळे लक्ष राक्षसाकडे होते. त्याला शिंगे होती आणि मला साधा खिसाही नव्हता, म्हणून माझी काही तक्रार नाही. गंमत एवढीच, की त्या चित्रपटावर विद्वान माणसे लिहायला बसतात तेव्हा राक्षसाला चार ओळींत उरकतात आणि माझ्यावर पानेच्या पाने भरतात. हे भाग्य माझ्या वाट्याला कसे आले, ते सांगतो.

माझा जन्म शिवणखान्यात झाला. लांबट खोली, खिडकीपाशी शिवणयंत्र आणि भिंतीवर ओळीने टांगलेले राजेराण्यांचे पोशाख, अशी ती जागा. तिथल्या शिवणबाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी एक जाडाभरडा पडदा उसवला आणि त्यातून मला व माझ्या दोन जुळ्या भावंडांना बेतले. तिथेच पडदा संपला.

चित्रपटाची गोष्ट अंधारातली होती. एका कोरड्या विहिरीच्या तळाशी राक्षस राहतो. तो मुलांना खात नाही, त्यांना वाढू देत नाही. विहिरीत उतरलेल्या मुलाला तो भिंतीतल्या कपाटात कोंडतो, आणि कपाटातले मूल होते तेवढेच राहते. एका मुलीची थोरली बहीण अशीच हरवलेली असते. धाकटी तिला शोधायला खाली उतरते आणि पाहते तर काय, थोरली आता तिच्याहून लहान! शेवटी धाकटी झोपलेल्या राक्षसाची किल्ली पळवते आणि दोघी निसटतात, असे आधी ठरले होते.

दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणत. त्यांनी मावशींना बजावले होते, की झगा अगदी मापात हवा. पण मी धाकटीचे काम करणाऱ्या मुलीच्या अंगावर चढलो आणि दादांनी माझा घेर उलटा करून पाहिला.

"मावशी, हे एवढं कापड आत कशाला दुमडलंय?"

"वाढत्या अंगाचा शिवलाय ना, दादा."

सगळा शिवणखाना हसला. दादा म्हणाले, "अहो, सिनेमातली मुलगी कशी वाढेल? तिला वाढायचंच नाहीये!"

मावशी ओशाळल्या. "हात वळला हो. लहान मुलीचं माप घेतलं की हात आपोआप दाब ठेवतो."

शिवणीत आत राखलेल्या जादा कापडाला दाब म्हणतात. दादांनी तो कापून टाकायला सांगितले. मावशींनी कात्री घेतली, तेवढ्यात कोणीतरी त्यांना हाक मारली. परत आल्यावर त्यांनी माझ्यावर कडक इस्त्री फिरवून दाब सपाट केला आणि पुढे कापायचे राहूनच गेले. त्या विसरल्या, की त्यांनी विसरायचे ठरवले, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग मला म्हातारे करण्याचा उद्योग सुरू झाला. चहाच्या पाण्यात उकळले, खरखरीत दगडाने घासले, उन्हात टाकले. गर्द काळसर रंगाचा मी पार करडा झालो. फक्त आत दुमडलेला दाब होता तसाच गर्द राहिला, पण तो कोणाला दिसत नव्हता.

मला अंगावर घालणाऱ्या मुलीला सगळे चिमणी म्हणत, कारण ती होतीच चिमणीएवढी. तिच्या अंगावर मी काय शोभत होतो म्हणून सांगू! "झगा कसा जन्मापासून अंगावर असल्यासारखा दिसतो," असे दादा म्हणाले, तेव्हा माझा घेर नुसता फुलून आला. राक्षसाचे काम करणारे काका उंचीने दारापेक्षा मोठे आणि मनाने लोण्याहून मऊ होते. चिमणीला कपाटात कोंबून झाले की शिंगांसकट वाकून विचारायचे, "लागलं नाही ना, बाळा?"

मग विघ्न आले. राक्षसकाका विहिरीच्या शिडीवरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. पाय जुळेपर्यंत चित्रीकरणाचे गोदाम दुसऱ्यांच्या ताब्यात गेले. ते परत मिळेस्तोवर माझे एक भावंड चिखलात कुजले होते, दुसरे मशालीच्या ठिणगीने जळाले होते. आणि चिमणी? चिमणी बघता बघता ताडमाड वाढली होती.

तिने मला घातले. बाह्या कोपराशी अडल्या आणि घेर गुडघ्याच्या वर राहिला. दादा दाराबाहेर जाऊन कोणाशीतरी म्हणाले, "दुसरी लहान मुलगी बघावी लागेल. पहिल्यापासून सगळं परत करायचं. दुसरा इलाज दिसत नाही."

भिंत पातळ होती. चिमणीने सगळे ऐकले.

त्या दिवसापासून ती पाठीत वाकून चालू लागली. ताटातले अन्न तसेच ठेवू लागली. जे तिच्या हातात नव्हते, त्याचाच तिला अपराध वाटत होता. मला तिचा फार कळवळा येई, पण झग्याला तोंड कुठे असते?

"मी वाकून उभी राहीन ना, मावशी," ती म्हणाली. "जेवणही कमी केलंय मी."

"अगं वेडे, उपाशी राहून कोणी बुटकं होतं का? नुसती वाळशील. काढ तो झगा इकडे."

मावशींनी माझे टाके उसवले. घेराचा, बाह्यांचा, कुशीचा, सगळा दाब मोकळा केला. मी पुन्हा तिला बेताचा झालो, पण जिथे जिथे कापड सोडले तिथे तिथे गर्द पट्टा उघडा पडला. घेराच्या खाली तर तो लांबूनही दिसत होता. "घासून फिका करते," म्हणत मावशींनी दगड उचलला. दादा म्हणाले, "आधी कपाटाची तालीम करू. तिथे बसली, तर पुढचं बघू."

कपाट चिमणीच्या जुन्या मापाचे होते. राक्षसकाकांनी तिला आत ढकलले आणि दार लावले. दार लागेना. चिमणीने गुडघे पोटाशी घेतले, मान खांद्यात घातली, श्वास रोखला. काकांनी पुन्हा जोर केला. तरी माझा गर्द पट्टा फटीतून बाहेर लोंबत राहिला. आतून हुंदका ऐकू आला.

"सॉरी, दादा. मी अजून लहान होते. थांबा, होते मी."

राक्षसकाकांनी दारावरचा हात काढला. "माझ्याच्यानं नाही होणार हे," ते म्हणाले आणि शिंगे काढून खाली बसले.

दादा कपाटापाशी आले. फटीतून लोंबणारा माझा पट्टा त्यांनी बोटांत धरला. मग म्हणाले, "मावशी, तो दगड ठेवून द्या." त्यांनी स्वतः दार उघडले. "चिमणे, बाहेर ये. चूक माझी झाली, राणी. या गोष्टीत तू वाढलेलीच हवीस. आता ताठ उभी राहा बघू."

ती उभी राहिली. आधी भीत भीत, मग पुरती.

तुम्ही पाहिलेला शेवट असा जन्मला. राक्षस मुलीला कपाटात कोंबतो आणि दार लागत नाही. तो खाली वाकून माझा पट्टा पाहतो आणि घाबरतो. "तू कधी वाढलीस?" तो विचारतो. ती म्हणते, "इथेच. तुझ्या अंधारात." मग त्याला वाट सोडावीच लागते. धाकटी आपल्या लहानग्या थोरलीचा हात धरून विहीर चढते.

विद्वान लिहितात, की करडा रंग म्हणजे सरलेले बालपण आणि गर्द पट्टा म्हणजे उमलणारे तारुण्य. चिमणीने हे मावशींना मोठ्याने वाचून दाखवले. मावशी म्हणाल्या, "खरं असेल, बाई. मी तर नुसता दाब ठेवला होता." मला वाटते, दोन्ही खरे आहे. दाब ठेवणे म्हणजे तरी काय? हे मूल उद्या आजच्याएवढे नसणार, हे आधीच मान्य करणे.

कौतुक ओसरले आणि मी ट्रंकेत गेलो. डांबराच्या गोळ्यांचा वास, वर राजाचा जड अंगरखा आणि कुशीत त्याच्या मुकुटाची तार. कसरीने माझी कॉलर कुरतडली. मला कोणी विचारीना.

एकदा ट्रंक उघडली. समोर एक उंच मुलगी उभी होती. मी तिला ओळखले नाही, पण तिच्या हातांनी मला ओळखले. तिने हट्टाने मला डोक्यातून घालायचा प्रयत्न केला. मी खांद्यांशीच अडकलो. ती माझ्या आतच खो खो हसायला लागली. मावशींनी मला सोडवले आणि सवयीने घेर उलटा करून चाचपला.

"आता आत काही उरलं नाही गं. होतं तेवढं सगळं सोडलं."

चिमणीने हसणे सोडून मावशींना मिठी मारली. मी दोघींच्या मध्ये चुरगळलो होतो. मोठे सुख वाटले.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा जुना कपडा असेल. त्याला पायपुसणे करू नका. धुऊन, ज्याला बसेल त्याला द्या. आणि कधी तो अंगात जाईनासा झाला, तर पोट आत घेऊ नका, पाठीत वाकू नका, मान खाली घालू नका. आम्हा कपड्यांना दोनच मरणे असतात, फाटणे आणि तोकडे पडणे. मी तोकडा पडलो. याहून चांगले मरण कोणत्याही झग्याने मागू नये.