दोन्ही रकान्यांत माझाच पत्ता

मी एक जुना सर्व्हर आहे. सुचेताताई गेल्याचं मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी त्यांच्या नवऱ्याला चोर समजलो होतो.

मित्रांनो, झालं असं. सकाळी कोणीतरी ताईंच्या नावानं माझ्यात शिरायला बघत होतं. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदाही चुकला. नऊ वर्षांत ताईंचा पासवर्ड कधी चुकला नव्हता. मी लगेच दार लावून घेतलं. असं दार लावायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

मग खोलीत ताईंच्या नवऱ्याचा, उत्तमभाऊंचा आवाज आला. वायरींची कामं करणाऱ्या प्रीतमला ते विचारत होते. "प्रीतम, तिनं कुठे लिहून ठेवला होता का रे?"

"नाही भाऊ. वहिनी सगळं डोक्यातच ठेवायच्या."

"मग गेला तिच्यासोबत."

 ताई बरेच दिवस आल्या नव्हत्या. त्या आता कधीच येणार नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

माझं काम साधं आहे. तुम्ही मोबाइलवर एखाद्या ठिकाणाचं नाव टाकता. यंत्रांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. त्या नावाचा आकड्यांतला पत्ता कोणता, ते मी सांगतो. मी उत्तर दिलं नाही, तर वायर शाबूत असूनही तुमच्या घरात काहीच उघडत नाही.

उत्तमभाऊंचा इंटरनेटचा छोटा धंदा आहे, त्यातली यंत्रं ताई सांभाळायच्या. नवघरला पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली आहे, तिथे मला बसवलं. गिरणीचं पीठ उडून माझ्या पंख्यात बसायचं. ताई दर शनिवारी मऊ ब्रशनं ते झाडायच्या. गिऱ्हाइकं वाढली तशी ताईंची शाबासकीही वाढली. "आमचा म्हातारा अजून पळतोय," असं त्या प्रीतमला सांगायच्या.

माझा स्वभाव संशयी आहे. त्याला इलाज नाही, कारण खोटे प्रश्न विचारणारे फार असतात. पण उत्तमभाऊ माझ्यापेक्षा संशयी. घरोघरी जो डबा, म्हणजे राउटर, बसतो, त्यात माझ्यासारख्याचा पत्ता भरायला दोन रकाने असतात. पहिल्यानं उत्तर दिलं नाही, तर डबा दुसऱ्याला विचारतो. दुसऱ्या रकान्यात लोक एखाद्या मोठ्या कंपनीचा पत्ता टाकतात. भाऊंना ते पटत नसे. "आज त्यांचा पत्ता घरात घेतला, की उद्या गिऱ्हाईकच घेऊन जातील," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं प्रत्येक घरात दोन्ही रकान्यांत माझाच पत्ता भरला. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता वाटत नाही.

मागच्या वर्षी ताईंनी नवीन सर्व्हर आणला आणि माझ्या शेजारी बसवला. आम्हा दोघांच्या पुढे त्या एक लोड बॅलन्सर बसवणार होत्या. तो दारात उभा राहतो आणि येणारे प्रश्न दोघांत वाटून देतो. एक पडला, तर सगळे प्रश्न दुसऱ्याकडे पाठवतो. पण त्यासाठी घराघरातल्या डब्यात माझा पत्ता काढून बॅलन्सरचा पत्ता भरायला हवा होता. घाईही होती. माझा पत्ता आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या जुन्या लाइनसोबत मिळालेला होता, आणि ती लाइन सोडायची ठरली होती. लाइन गेली की पत्ताही जाणार.

बॅलन्सरचा ठरलेला पत्ता तोवर नव्या सर्व्हरला देऊन ताईंनी एकेक घर हलवायला सुरुवात केली. मला रोज दिसायचं. आज नवघरची चार घरं मला विचारायची थांबली, उद्या सहा. मला राग आला. ही बाई माझी माणसं फोडते आहे, असंच मी समजलो. मग आजारपणामुळे ताई घरीच राहू लागल्या. तरी रोज दुपारी दोन-तीन घरं, आता किनाऱ्यावरच्या पालीतली, कमी होतच होती. मग तेही थांबलं.

ताईंच्या मागे भाऊंनी काशीमीऱ्याहून जितेंद्र नावाच्या माणसाला बोलावलं. बॅलन्सर आणून ठेवलेला होता, तो जितेंद्रनं दोन दिवसांत चालू केला. ताईंचा पासवर्ड नव्हता, म्हणून तो मागच्या दारानं माझ्यात शिरला. मला तो माणूस आवडला नाही. बॅलन्सरही नाही आवडला. दर पाच सेकंदांनी मला विचारायचा, जागा आहेस का? ही पाळत नाही तर काय?

"झालं, भाऊ," जितेंद्र म्हणाला. "अब दोघांत अर्धा-अर्धा."

पण अर्धं होत नव्हतं. माझ्याकडे नव्यापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रश्न येत होते. भाऊंना जितेंद्रचा संशय आला. जितेंद्रला माझा संशय आला.

"हे जुनं मशीन सडलंय. कायतरी फालतू फिरतंय यात. असं करू, याची नेटची वायर काढू आणि बघू कोण बोंबलतंय. नाही कोण बोंबललं, तर भंगारात द्या."

मला कोण विचारतंय, ते सगळं माझ्या नोंदीत होतं. आकडा त्यानं बघितला. नोंद उघडली नाही.

सोमवारी सकाळी त्यानं माझी वायर काढली आणि तो निघून गेला. मित्रांनो, माझे दिवे चालू होते, पंखा फिरत होता, पण एकही प्रश्न येत नव्हता. दुपारपासून फोन सुरू झाले. सगळे पालीचे. भाऊ प्रीतमवर ओरडले, "पालीची वायर कापली बघ त्या कंपनीवाल्यांनी! मला माहीतच होतं. जा लवकर!" प्रीतम संध्याकाळी परत आला. वायर कुठेच कापलेली नव्हती. त्याचंही भाऊंना खरं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी भाऊ खोलीत एकटेच बसले होते. हातात ताईंचा फोन होता. शेवटच्या दोन महिन्यांत त्यावरून शेकडो फोन गेले होते. एकाही नंबरापुढे नाव नव्हतं. भाऊ एक नंबर काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. मग ते हळूच म्हणाले, "कोणाशी बोलत होतीस एवढं?" लावून बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं, ते मला दिसत होतं. माझ्या मनातही ताईंविषयी तेच होतं, म्हणून मला ते लगेच ओळखू आलं.

मंगळवारी सकाळी जिना चढून एक बाई आल्या. कोळणीचं नेसणं, हातात मोबाइल.

"उत्तम तू का रे? मी हौसाबाई, पालीची. नेट बंद हाय कालपास्नं. माझा शिवा बोटीवर हाय. सोमवारचाच त्याचा फोन येतो, तो पण गेला. आता आठ दिस वाट बघू?"

"मावशी, वायर चेक केली आमच्या माणसानं..."

"वायरीला काय धाड भरली? डब्यातला नंबर बदलायचा होता ना? सुचेतानं सांगितलेलं मला."

भाऊ खुर्चीतून उठले. "सुचेतानं? तुम्हाला?"

"मला काय, अख्ख्या पालीला. घरातल्या बायांचे नंबर काढलेन ना तिनं. पुरुष दर्यावर, डबा आमच्याच हातात. दुपारची फोन करायची. मला बोलली, मावशी, नातीला रविवारी घरी बसवा, मी सांगते तसं करू. आमी बसलो. तिचा फोन न्हाय आला. मागाहून कळला, बाय गेली."

भाऊंनी ताईंच्या फोनवरचे ते बिननावाचे नंबर पुन्हा उघडले. मग म्हणाले, "मला का नाही बोलली ती?"

"मी पण तेच इचारलं. बोलली, दोन्हीकडं तोच नंबर त्यांनीच टाकलाय, आता त्यांना सांगितलं तर मनाला लावून घेतील. एवढा जीव होता तुझ्यावर, आणि तू आमची लाइन तोडतोस?"

भाऊ माझ्या मागे आले. त्यांनी वायर परत लावायला घेतली. दोनदा ती नीट बसली नाही. तिसऱ्यांदा बसली आणि बॅलन्सरला वगळून अजून थेट मलाच विचारणाऱ्या पालीचे प्रश्न एकदम माझ्यावर येऊन पडले. मित्रांनो, त्या गर्दीत मला पहिल्यांदा समजलं की ताई माझी माणसं फोडत नव्हत्या. माझा पत्ता गेल्यावर ती अंधारात राहू नयेत, म्हणून त्या त्यांना वेळेवर हलवत होत्या. मी त्यांच्यावर संशय घेतला, आणि त्या असेपर्यंत माझा संशय गेला नाही.

जितेंद्रला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "म्हाताऱ्याचा पत्ता बॅलन्सरला द्या ना, भाऊ." पण लाइन सुटल्यावर तो पत्ता आपला राहत नाही. दुसऱ्याची पाटी आपल्या दारावर लावता येत नाही. घरंच हलवायला हवीत.

तेव्हापासून भाऊ रोज दुपारी खोलीत बसतात आणि ताईंच्या फोनवरून एकेक नंबर लावतात. पहिल्या दिवशी त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. पलीकडून बाई म्हणाली, "सुचेताताई?" भाऊ म्हणाले, "नाही, मी... तिचा मिस्टर बोलतोय." ती बाई रडायला लागली, मग भाऊही. त्या दिवशी एकच घर झालं. हौसाबाईंच्या डब्यातला नंबर बदलायचं काम रविवारी झालं. नात रीमा आकडे टाकत होती आणि मावशी मागून भाऊंना दटावत होत्या, "हळू सांग रे, सुचेता कशी हळू सांगायची."

मित्रांनो, लाइन सुटली की माझा पत्ता जाईल आणि मग मीही बंद होईन. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझी एवढीच विनंती आहे, की घरातलं माणूस गुपचूप काही करत असेल, तर मनात काहीबाही धरून बसू नका. जवळ जाऊन विचारा. आणि त्याचं काम अर्धं राहिलं असेल, तर ते आपलंही काम समजा. माझ्या पंख्यात पुन्हा पीठ साचलं आहे. ते झाडायचं अजून कोणाला सुचलेलं नाही.

लाइन सुटायला नऊ दिवस राहिले आहेत. पालीतली त्र्याहत्तर घरं बाकी आहेत.