कोपऱ्यातले दोन उंट

सन १९३८, मार्गशीर्षातला बुधवार, सकाळचे साडेनऊ. कडोलीच्या मारुतीच्या देवळात अप्पासाहेबांनी उजवीकडच्या घोड्यापुढचं पांढरं प्यादं एक घर सरकवलं आणि बेळगुंदीच्या भरमूचा तिसरा डाव सुरू झाला.

तिसरा म्हणजे शेवटचा. अप्पासाहेब सत्तरीला टेकलेले, पण पार सांगली-मिरजेपर्यंत त्यांच्या पटाला मान होता. शिकायला येणाऱ्याला ते काळे मोहरे देत आणि तीन डाव खेळत. एका तरी डावात माणूस तग धरून राहिला तर त्याला शागीर्द करत. नाही राहिला, तर त्याला पुन्हा पटासमोर बसू देत नसत. भरमू दोन्ही डाव हरला होता. आणि बुद्धिबळाचं खूळ तर त्याच्या डोक्यात असं शिरलं होतं, की सुगीत भाताच्या खळ्यावरसुद्धा तो खड्यांचे घोडे-उंट मांडून बसायचा आणि घरच्यांची बोलणी खायचा.

पहिला डाव त्यानं शेतकऱ्यासारखाच घालवला. अप्पासाहेब कडेकडेची प्यादी एकेक घर पुढं करत होते, मधलं मैदान तसंच मोकळं. भरमूचं डोकं फिरलं. गावाकडं भाऊबंद बांध कोरतो तो असाच, गुपचूप, वीतवीतभर. त्यानंही आपली कडेची प्यादी बांधावर उभी करायला घेतली. बांध राहिला, राजा मात्र उघड्यावर पडला. दुसऱ्या डावात त्यानं उलट केलं. मधे कोणी नाही म्हटल्यावर सगळी प्यादी तिथं घातली आणि दामटत पुढं नेली. पाखरांनी दाणे टिपावेत तशी ती एकेक करून टिपली गेली.

मग शनिवारच्या बाजाराला आला, की तो वडगावच्या शामूच्या दारात जाऊन बसू लागला. शामू विणकर, अप्पासाहेबांचा जुना शागीर्द. मागावरून न उठता त्यानं दोन्ही डावांची हकिगत ऐकून घेतली आणि पोटभर हसला.

"तुम्ही शेतकरी लोक," तो म्हणाला, "बांध दिसला की तुमच्या अंगात येतंय. त्यो म्हातारा बांध कोरत न्हाय रं. त्याला मधलं शेतच पायजे, पर लांबनं."

"मग म्या काय करू, अण्णा?"

"मधी दोन प्यादी पेर. दोनच. आन् पेरलं की राखण ठेव. राखण बसल्याबिगर फुडं जायाचं न्हाय."

राखण म्हणजे काय, तेही त्यानं पट मांडून दाखवलं. घोडे कडेला न्यायचे नाहीत, मधे तोंड करून बसवायचे. उंट प्याद्यांच्या पाठीशी. राजा लवकर किल्ल्यात. कडेला काय चाललंय याची चिंता त्यानंतर.

बुधवारी भरमूनं तेच केलं. राजापुढचं आणि वजिरापुढचं अशी दोन प्यादी दोन-दोन घरं टाकली, घोडे काढले, उंट पाठीशी बसवला, राजा किल्ल्यात घातला. हे सगळं होईतो अप्पासाहेबांचे दोन्ही उंट त्यांच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांशी जाऊन बसले होते. आणि तेव्हा भरमूला ते दिसलं.

माळ्यावर उंच बसलेला राखणदार शेतात पाय घालत नाही. हातात गोफण असली की अख्खं शेत त्याचं. त्या दोन उंटांच्या तिरक्या वाटा पटाच्या बरोबर मधोमध एकमेकींना छेदत होत्या, आणि त्या जागी एकही पांढरा मोहरा नव्हता. ज्याला तो दोन डाव मोकळं रान समजत होता, त्याचं घर न् घर दुरून धरलेलं होतं. देवळातच बसला होता, पण देवळात आल्यासारखं त्याला आत्ता वाटलं. हरलो तरी हे बघायला मिळालं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

अप्पासाहेबांचा घोडा राजापुढच्या प्याद्यावर चालून आला. राखण होती, प्यादं टिकलं. मग त्यांनी डाव्या उंटाच्या घरापुढचं प्यादं दोन घरं टाकून दुसऱ्या प्याद्याला धडक दिली. भरमूचा हात सवयीनं कडेच्या प्याद्याकडं गेला. हात लागला तो मोहरा हलवायचा, हा नियम. बोटभर अंतरावर तो थांबला.

हात मागं घेऊन त्यानं वजिरापुढचंच प्यादं आणखी एक घर पुढं रेटलं. त्याला शेजारच्या प्याद्याचा जोर होता, घोड्याचाही होता. अप्पासाहेबांच्या डाव्या कोपऱ्यातल्या उंटाला आता पुढं एकच मोकळं घर उरलं.

समोरच्याचा हात मोहऱ्यावरून उठायच्या आत उत्तर देणारे अप्पासाहेब या वेळी मांडीवर हात ठेवून बसले. सभामंडपातलं ऊन पायरीपाशी सरकलं तरी चाल झाली नाही.

"कुणी शिकवलं रं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"राखण शामूअण्णानं सांगितली," भरमू म्हणाला. "ह्ये प्यादं माझं मीच टाकलं."

"बरं," म्हणून अप्पासाहेब उठले. पटावर बांबूचं डालगं पालथं घालायला लावलं, कुणी शिवू नये म्हणून बजावलं आणि जेवायला गेले. दुपारी ते आले नाहीत. भरमू दिवेलागणीपर्यंत बसून होता.

शनिवारच्या बाजारात कडोलीच्या माणसानं सांगितलं ते एवढंच. अप्पासाहेब रोज सकाळी येतात, डालगं उचलतात, बराच वेळ बघतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. भरमूबद्दल हो की नाही, काही बोललेले नाहीत. पांढऱ्यांची चाल बाकी आहे.