हिरवे पान खाली गेले

मी एक जुने पॅड आहे. परीक्षेला तुम्ही नेता ना, अगदी तसेच. मागे पुठ्ठा, वर चिमटा. फरक एवढाच, की माझी परीक्षा रोज असे आणि मित्रांनो, मी रोज नापास होत असे.

म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेला मी टांगलेले होते. नवे होते तेव्हा काय ते कौतुक! "चिमटा बघा कसा घट्ट आहे!" डॉक्टर पांढऱ्या कागदावर लिहीत, सिस्टर पिवळ्या, तर व्यायाम करून घेणाऱ्या ताई हिरव्या. ज्याने त्याने आपला कागद वर लावायचा आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. खालचा कागद उचलून बघायची पद्धतच नव्हती. लिहिले म्हणजे सांगितले, असे प्रत्येकाला वाटे.

एकदा तिथे शिवणकाम करणाऱ्या एक आजी आल्या. स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत गेल्या की त्यांना घरी सोडणार होते. लेक भेटायला आली की त्या विचारत, "माझं मशीन झाकून ठेवलंयस ना गं?"

सोमवारी ताईंनी लिहिले, 'उभ्या राहिल्या की चक्कर येते.' त्यावर सिस्टरांचा कागद आला, 'जेवण निम्मे, पाणी जेमतेम.' त्यावर डॉक्टरांचा, 'रक्तदाब जास्त. गोळी वाढवावी.' तिन्ही कागद माझ्याच छातीवर! अहो, वाचा की कुणीतरी! पण मला ना हात, ना तोंड. खाटेच्या दांडीवर मी नुसते खडखडत राहिले.

बुधवारी सकाळी आजी उठल्या, दोन पावले चालल्या आणि कोसळल्या. खुब्याचे हाड मोडले.

"कुणालाच कसं कळलं नाही हो?" लेक रडत विचारत होती.

"मी लिहिलं होतं," ताई म्हणाल्या.

"मीसुद्धा," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला हिसका देऊन उचलले. माझा म्हातारा चिमटा निसटला आणि कागद फरशीवर पसरले. सफाईवाल्या मावशींनी ते गोळा करून आजींच्या रिकाम्या खाटेवर शेजारी शेजारी मांडले. तिघांनी ते पहिल्यांदाच एकत्र वाचले. "चक्कर येतेय, पोटात पाणी नाही, आणि त्यावर रक्तदाब उतरवणारी गोळी वाढवली," सिस्टर एकेका कागदावर बोट ठेवत म्हणाल्या.

"रोज इथंच तर उभे असतो आपण," डॉक्टर पुटपुटले.

आजी पुन्हा चालल्या नाहीत. जाताना लेक मावशींना म्हणाली, "मशीन आता झाकलेलंच राहणार."

आठवडाभर ते तिघे सकाळी एकत्र उभे राहून बोलत. मला केवढी आशा वाटली! मग कामाच्या रेट्यात तेही राहून गेले. मला मात्र मोडके म्हणून कपाटावर टाकले, आणि खाटेला नवे पॅड आले. त्याचा चिमटा फार घट्ट आहे.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही डॉक्टर व्हा, सिस्टर व्हा, कुणीही व्हा. पण वरचे पान उचलून बघत जा. खाली कुणीतरी कळवळून काही लिहिलेले असते.

आज सात नंबरवर एक आजोबा आहेत. हिरवे पान खाली गेले आहे. आणि आजोबा पायाने चपला चाचपडत आहेत.